उसनी आगगाडी

दुपार मला सोसत नाही. सकाळ कापडात जाते, संध्याकाळी गिऱ्हाईक येतं-जातं. पण जेवणं झाली की गल्ली झोपते आणि मी मशीनवर बसतो, उठतो, परत बसतो. बॉबिन भरलेली असली तरी काढून बघतो. मागच्या खोलीत चक्कर मारून येतो. तिथं कॉम्प्युटर आहे, त्यावर बायकोचं जुनं लुगडं टाकलेलं. लुगडं सरळ करतो न् पुढं येतो. थोड्या वेळानं परत जातो.

मी सेनगावात शिलाईचं काम करतो. शाळा चौथीत सुटली. लिहायची सवय ती गिऱ्हाइकाचं माप लिहिण्यापुरती. बायको जाऊन वर्ष होत आलं. आमचं एका गोष्टीवर भांडण होतं, ते मिटायच्या आधीच ती गेली. एकट्यानं भांडता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

दुकानाच्या मागची खोली रिकामी होती. गावात रंगीत टीव्ही आले, टीव्हीला जोडायचा गेम आला, आणि हिंगोलीला लोक घंट्याच्या भाड्यानं तो खेळतात असं तिनं एका लग्नाला गेली तेव्हा पाहिलं. आल्याबरोबर म्हणाली, "मागं गेम लावायचा."

मी म्हटलं, "माझ्या मशीनच्या आवाजात कोण खेळंल?"

"तुमच्या मशीनचा आवाज ऐकून कोन पैसे देतं? याचा ऐकून देतात."

लावला. कॅसेटवर छापलं होतं की आत हजाराच्या वर गेम आहेत. ती पदर खोचून एकेक लावत बसली. जरा वेळानं तीच मोटार आली, तोच भिंतीवर उड्या मारणारा माणूस आला, फक्त त्याच्या कपड्यांचा रंग दुसरा. तिनं हातातला खेळायचा खटका खाली ठेवला.

"एकाच पोराला टोप्या बदलून बदलून मोजलं हाय मुडद्यानं."

नकली मालाचा राग तिच्या डोक्यात बसला तो तेव्हापासून. कॅसेटवाल्याकडं विचारायला गेली तर तो हसला. म्हणाला, सगळ्याच कॅसेटा अशा, असली इकडं येतच नाही. ती घरी येऊन दोन घास कमी जेवली. मला वाटलं, एवढं काय त्यात.

पुढं टीव्हीचे गेम मागं पडले, कॉम्प्युटर आले. आम्ही नांदेडहून दोन जुने आणले. त्या दुकानदाराकडं जुन्या सीड्यांचं एक खोकं होतं. असली सीड्या, डब्यासकट, कोणीतरी वापरून विकलेल्या. ती जमिनीवर बसून खोकं चाळायची, सीडी उजेडात तिरपी धरून चरे बघायची, वांगी निवडावीत तशी. एखादीच घ्यायची. तिकडं बसस्टँडजवळ एकानं नवं गेम पार्लर टाकलं होतं, त्याच्याकडं आजचा गेम उद्या हजर. कोऱ्या सीडीवर उतरवलेला, वर पेनानं नाव लिहिलेलं. आमची गिऱ्हाइकं तिकडं सरकायला लागली. मी म्हटलं, आपणही उतरवून आणू. ती नाही म्हणाली. इथून आमचं सुरू झालं.

मी म्हणायचो, "मी दिवसभर काय करतो? नक्कलच करतो. बाई जुनं ब्लाऊज आणते, म्हणते अस्संच शिवा. ज्यानं पहिलं शिवलं त्याला मी काय देतो?"

"कापड तिचं, हात तुमचे. सीडीत तुमचं काय हाय? बटन दाबलं तेवढं."

"बरं. मग जुनी घेतली तर ज्यानं गेम बनवला त्याला काय भेटतं? दमडी न्हाई. सगळं त्या नांदेडवाल्याला. मंग तुझी जुनी अन् माझी नकली, फरक काय?"

ती भाकरी थापत राहिली. मला वाटलं जिंकलो. मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "न्हाई भेटत, खरं हाय. पर त्यानं एक इकली तर एकच राहते. आपल्या घरी आली म्हंजी कोणाच्या तरी घरातनं कमी झाली. मोडीतलं भांडं घेतो तसं. तुमची नकली कोणाच्या घरातनं कमी होते?"

"कोणाचंच कमी होत न्हाई, तेच तर चांगलं हाय!"

"तेच तर वाईट हाय."

मला हे तेव्हा पटलं नाही. खरं सांगायचं तर आजही पुरतं पटलेलं नाही. गिऱ्हाईक असल्या हिशोबानं येत नसतं. आमची खोली ओस पडत गेली. दोनातला एक कॉम्प्युटर विकला. एक राहिला, तो तिच्यापायी.

कारण नांदेडच्या खोक्यात तिला एक आगगाडीचा गेम मिळाला होता. त्यात मारामारी नाही, पळापळी नाही. डोंगर, नद्या, गावं दिसतात, आपण रूळ टाकायचे, स्टेशनं बांधायची, गाड्या सोडायच्या. गिऱ्हाइकाला ते आवडलं नाही. हिला एवढं आवडलं की दुपारची भांडी तशीच राहायला लागली. स्टेशनांना नावं देता यायची. इंग्रजी अक्षरं तिनं बसच्या पाट्या बघून जुळवली आणि सेनगाव, पुसेगाव, साखरा अशी स्टेशनं केली. साखरा तिचं माहेर. आमच्या भागात रेल्वे हिंगोलीला, पुढं जीप नाहीतर एस.टी. ती म्हणायची, "सरकार काई रूळ टाकत न्हाई. मीच टाकते." मी पुढं शिवायचो आणि मागून शिट्टी यायची. संध्याकाळी मी विचारायचो, "गाडी टायमावर हाय का?" ती म्हणायची, "नवरा सोडून सगळं टायमावर हाय."

एक दिवस तो पार्लरवाला आला. तरणा, बोलायला गोड. तिला मामी म्हणायचा. त्याच्या आईची आणि हिची ओळख दह्यातून झालेली. आमच्या मागं म्हैस होती आणि हिचं विरजण अर्ध्या गल्लीत जायचं. विरजण द्यायची हिची रीत होती. दिवेलागण झाल्यावर द्यायचं नाही, विचारल्याशिवाय कोणी न्यायचं नाही, आणि वाटी परत करताना रिकामी आणायची नाही. चिमूटभर साखर तरी पाहिजे. तो म्हणाला, "मामी, आगगाडीची सीडी एक दिस द्या. बघून परत करतो." हिनं डब्यासकट दिली. दुसऱ्या दिवशी त्यानं डब्यासकट परत केली. सोबत बिस्किटाचा पुडासुद्धा आणला.

आठवडाभरात आमच्याकडं येणारा एक मास्तर म्हणाला, "तुमची आगगाडी बसस्टँडवर चारी कॉम्प्युटरवर पळून राहिली की."

ती तशीच चपला घालून निघाली. मी टेप गळ्यात घेऊन मागं. पार्लरच्या दारातच तिनं त्याला गाठलं.

"काहून रे, उसनी नेली व्हती ना?"

"परत केली की मामी. बराबर डब्यासकट."

"मंग हे काय हाय?"

"ही तुमची न्हाई. तुमची तुमच्या घरी हाय."

"माझी माझ्या घरी, तर तुझ्याकडं कुठून आली?"

खेळणारे खेळ सोडून बघायला लागले. तो काही आडदांड नव्हता. हसून म्हणाला, "मामी, तुमी इरजण देता, तवा तुमचं दही कमी होतं का?"

तोच माझा मुद्दा. मी मनात म्हटलं, शाब्बास.

ती म्हणाली, "इरजण मी देते. तू नेलं."

आणि आली परत. दुसऱ्या दिवशी त्याची आई वाटी घेऊन आली तर हिनं दारातून सांगितलं, "तुमच्या घरी आता इरजण न्हाई." आमच्याकडं विरजण नाकारणं म्हणजे तोंडावर दार लावणं. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, मशीनच्या खेळापायी दही तोडलं, येडी झाली. मीही म्हणालो. त्या बाईचा काय दोष? पण विरजण काही हिनं त्या घरी पुन्हा दिलं नाही.

ती आजारी पडली तेव्हा म्हैस विकली. पडून असायची, पण दुपारी उठून बसायची आणि थोडा वेळ गाड्या चालवायची. मला शिकवून ठेवलं: हे चित्र दोनदा दाबायचं, मग हे, मग हे. सेव्ह कसं करायचं ते मात्र मी शिकलो नाही, मला कशाला लागतं म्हणालो.

ती गेल्यावर मी रोज जेवण झालं की गेम लावायचो आणि पुढं येऊन शिवायचो. तिनं जिथं सोडलं होतं तिथून गाड्या निघायच्या. सेनगावहून एक, पुसेगावहून एक. शिट्टी व्हायची, पाय पायडलवर चालायचा. मग लोडशेडिंगला सगळं बंद. दुसऱ्या दिवशी परत तिथूनच. त्या गाड्या कधी पुढच्या दिवसात गेल्या नाहीत. मला तेच पाहिजे होतं.

मग एका दुपारी आत मोठा आवाज झाला. सीडी आतल्या आत फिरता फिरता तडकली. बाहेर काढली तर तुकडे. तिचे रूळ कॉम्प्युटरात आहेत, कुठं गेलेले नाहीत, पण गेम सीडी मागतो. सीडीशिवाय उघडतच नाही. म्हणजे चावी मोडली आणि घर आत शाबूत.

नांदेडला गेलो. खोकंवाल्याच्या जागी मोबाईलचं दुकान. तिथला पोरगा म्हणाला, "चाचा, ये सब अब कौन रखता है?" हिंगोलीत फिरलो. कोणी मला वेडा समजलं, कोणी पाणी दिलं. घरी बसवेना. शर्टाचं काज चुकलं, एका बाईची बाही उलटी जोडली, तिनं चारचौघींत ऐकवलं.

मला माहीत होतं ती आगगाडी कुठं आहे. बसस्टँडवर. तिच्याच सीडीवरनं उतरलेली. मनात तिच्याशी भांडलो: तुझंच आहे ते, तुझ्याच सीडीचं लेकरू, आणलं तर काय झालं? उत्तर आलं नाही. उत्तर आलं नाही याचाच राग आला, आणि गेलो.

पार्लर आता झेरॉक्सचं दुकान झालंय, पण माणूस तोच. मी सरळ सांगितलं. तो उठून उभा राहिला. मागं पोत्यात शोधून सीडी काढली, पेनाचं नाव पुसट झालेलं. "मामा, ठेवा. मामीला मी तवाच इचारायला पाहिजे व्हतं. आता तुमाला इचारतो, चालंल का?"

"मला काय इचारतो? गेम काय मी बनवला?"

दोघंही हसलो. तेवढ्यात आमचं बोलणं ऐकून मागून त्याची म्हातारी आई आली, हातात दह्याची वाटी. माझ्याकडं बघून म्हणाली, "दही लावता का न्हाई?"

म्हटलं, "म्हैस गेली, इरजणही गेलं."

"हे घ्या. तुमच्याच घरचं हाय. तिनं बंद केलं तवा माझ्याकडं व्हतंच की. रोज लावत राहिले."

मी वाटी घेतली. डोळ्यापुढं ती आली, दारातून "इरजण न्हाई" म्हणणारी. बंद करून काहीच बंद झालं नव्हतं. मला हसू आलं आणि तिथं हसता आलं नाही.

तो माझ्यासोबत घरी आला, कारण नकली सीडी चालवायला काहीतरी जास्तीचं करावं लागत होतं. त्यानं लुगडं बाजूला केलं. गेम उघडला. सेनगावहून गाडी निघाली, पुसेगावहून निघाली. साखऱ्याच्या अलीकडं रूळ संपलेले होते, ते मी रोज पाहायचो, त्यानं पहिल्यांदा पाहिलं. "थोडंच राहिलं व्हतं," म्हणाला आणि सवयीनं हात फिरवून चार रूळ टाकले. गाडी साखऱ्यात शिरली. "सेव्ह करतो," म्हणाला.

मी त्याचा हात धरला. जोरात धरला असावा, कारण तो दचकला. "न्हाई. बंद कर. जसं व्हतं तसं राहू दे."

त्यानं बंद केलं.

संध्याकाळ व्हायच्या आत मी सीडी परत द्यायला गेलो. सोबत वाटी, विरजण घरी काढून घेतलेली, तळाशी साखर. वाटी त्याच्या आईनं घेतली. सीडी त्यानं घेतली नाही. "मामा, परत काहून? माझ्याकडं उतरवलेली अजून एक हाय. घरी राहू द्या."

मी तिथं उभाच राहिलो. एवढी वर्षं ती काय म्हणत होती ते हातात आलं. परत करायला गेलो तर परत होत नाही अशी ती चीज. माझ्याकडं आहे, त्याच्याकडंही आहे, कोणाच्याच घरातनं कमी नाही. दह्याचंही तसंच, पण दही तिनं स्वतःच्या हातानं दिलं होतं. सीडी त्याच्या काउंटरवर ठेवली आणि वळून न बघता आलो.

विरजण त्याच रात्री विकतच्या दुधाला लावलं. चांगलं लागलं, जरा आंबट.

दुपार अजून सोसत नाही. परवा एक ड्रायव्हर सांगत होता की परभणीत जुने कॉम्प्युटर विकणारा एक आहे, त्याच्याकडं डब्यासकट सीड्या असतात. सोमवारी दुकान बंद ठेवून जाणार आहे. नाही मिळाली तर अकोल्याला बघीन. नकली चालते हे मी बघितलं, त्यावर मला काही बोलायचं नाही. पण तिच्या गाड्या सोडायच्या तर कोणाच्या तरी घरातून कमी झालेली पाहिजे.