हळदीच्या रंगाची माशी

धानकापणी आटोपली की आई घरामागच्या बाडीत मोहरीचा एक वाफा करायचीच. त्याचं बियाणं तिनं लग्नात माहेराहून आणलेलं. पुढे आजा-आजी गेले, मामानं जमीन विकून टाकली आणि माहेर म्हणायला तेवढी मोहरीच उरली.

मी तेव्हा लग्नाच्या वयाची होते, म्हणजे घरच्यांच्या मते. माझ्या मते ते नसत्या उठाठेवी करायचं वय होतं. त्या हिवाळ्यात काळ्या अळ्यांनी वाफ्याची पार चाळणी केली. आई रोज सकाळी दवात राख फेकायची. मी मात्र अळ्यांकडे बघत बसायचे. बोट लावलं की अळी वेटोळं करून खाली पडे. लिंबावरच्या फुलपाखराच्या अळीला पायांच्या मधे थोडी बिनपायाची जागा असते. हिला तिथेही पाय! मग ही मोठेपणी होणार तरी काय? मी ताटलीत माती घातली, कंदिलाची काच उभी केली, आत अळ्या आणि पानं टाकून वर फडकं बांधलं.

"किडे काऊन पाळून रायली वो?" आई म्हणाली. "सासरी असंच करशील का?"

अळ्या मातीत शिरल्या. मी येता-जाता डोकावत होते. एके दिवशी सकाळी काचेत माशी दिसली. काळं डोकं, धुरकट पंख आणि हळदीच्या रंगाचं अंग. मी चाटच पडले. या माश्या आमच्या मोहरीवर रोज बसत. मी हाकलायला गेले की आई हात धरायची, "मारू नोको, हळद लावून आली हाय. सवासीन होय ते."

तिला करवत माशी म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. शेपटाजवळच्या बारीक करवतीनं ती पान चिरते आणि आत अंडी घालते.

मी काच घेऊन धावत सुटले. "माय, अळीची माय हेच होय!"

आईनं काच डोळ्यांजवळ नेली. मग तिनं माशीला हात जोडले, फडकं सोडलं आणि तिला चिमटीत चिरडलं. तशीच उठून बाडीत गेली. थंडीनं जड झालेल्या माश्या ती पानापानावरून वेचू लागली. प्रत्येकीला आधी नमस्कार. माझा आनंद कुठल्या कुठे पळाला.

"माय, राहू दे. आमगावच्या बाजारातून आणू मोहरी."

तिनं मान वर केली नाही. "बाजारात माह्या मायची मोहरी भेटते का?"