अभनपूरची दुपार आणि विमलताई

विमलताई खोडे यांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या लूनावर झाली. रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. शहरात रोज नवी पाटी, नवा साहेब. गुढियारीच्या आमच्या गल्लीत मात्र मालाच्या ट्रक-हातगाड्यांची तीच जुनी कोंडी. त्या कोंडीतून एक बाई लूनाला पुढे-मागे कागदांचे गठ्ठे बांधून आल्या आणि माझ्या बाइंडिंगच्या दुकानासमोर थांबल्या. "भैया, कादंबरी बांधता का? का नुसते सरकारी रजिस्टरच?"

मी विचारलं, "लेखक कुठं आहेत?"

"हे काय, गठ्ठे उतरवून राहिली ना!"

शाळा मी सातवीतच सोडली. जे काही वाचलं ते पुस्तकं बांधता बांधता. तेव्हा ताईंच्या लेखनाची थोरवी जाणत्यांनी सांगावी. मी त्यांना काम करताना पाहिलं आहे, तेवढंच त्यांच्या पंचाहत्तरीच्या या अंकात मांडतो.

ताईंना प्रकाशक नव्हता. एकदोघांनी इकडची बोली बदलून मागितली, तेव्हा ताईंनी हस्तलिखित परत मागवलं आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. पुरानी बस्तीतल्या घरी दुपारी स्वयंपाकघर आवरलं की ओट्यावरच त्यांचे कागद पसरत. प्रुफं त्याच तपासत, कागद त्याच निवडत, दुकानदाराशी घासाघीसही त्याच करत. पुस्तक खपवण्याची तऱ्हाही खास त्यांची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या मराठी घरांत वाण म्हणून वाट्या-डबे लुटतात. ताईंनी कादंबरी लुटली. एक जण म्हणाली, "विमल, वाटी दिली असती तं वरण तरी वाढलं असतं वं!" ताई म्हणाल्या, "आधी वाच, मंग तिच्यावर वाटी ठेव." त्या बाई पुढच्या वर्षी पुढची कादंबरी मागायला आल्या.

छापून आलेल्या मोठ्या कागदांना आम्ही फर्मे म्हणतो. घड्या घातल्या की त्यांची पानं होतात. हे काम ताईंच्या अंगणात मैत्रिणी मिळून करत. मी घडी दाखवायला जाई. तिसऱ्या कादंबरीच्या वेळची गोष्ट. घड्या घालता घालता शांताबाईंचे हात थांबले. शांताबाई म्हणजे ताईंची बालमैत्रीण, शेजारच्याच पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली. त्यांनी पान वाचलं, परत वाचलं, आणि त्या ताईंना हळूच म्हणाल्या, "नाव तूनं बदललं विमल, पण तांदूळ तं माह्याच घरचे राहू दिले."

कादंबरीतली गोदा एका सकाळी तांदूळ भिजत घालते आणि घर सोडून निघते. छोट्या लाइनच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या गाडीनं जाऊन अभनपूरला उतरते. दुपारभर फलाटावर बसते, जावं की परतावं याचा विचार करते. संध्याकाळी परत येऊन तेच फुगलेले तांदूळ शिजवते. नवरा एवढंच म्हणतो, "भात आज मऊ झाला." हे सारं तरुणपणी शांताबाईंवर गुदरलेलं होतं. त्यांच्या घरी कोणाला ठाऊक नव्हतं. एकट्या ताईंना ठाऊक होतं. नाव बदललं की माणूस झाकलं जातं, असं ताईंना वाटलं होतं.

"माह्या घरी हे पुस्तक येईन," शांताबाई म्हणाल्या, "आणि ते वाचतीन."

ताईंनी तिथल्या तिथे त्या प्रकरणाचे फर्मे बाजूला काढले. मी गप्प बसायला हवं होतं, पण राहवलं नाही. "ताई, या प्रकरणावर तर सारी कादंबरी उभी आहे!"

"रामभाऊ, कादंबरी माझी आहे. दुपार शांताची आहे."

प्रकाशक दुसरा असता तर ताईंना त्याच्याकडे बोट दाखवता आलं असतं. इथं लिहिणाऱ्याही त्याच, छापणाऱ्याही त्याच. मी म्हटलं, फर्मे रद्दीत देऊ. त्या हसल्या. "म्हणजे तुमच्या गुढियारीत भजियाच्या पुड्यापुड्यातून शांता फिरेन!" त्यांनी ते फर्मे अंगणातल्या टाक्यात भिजवले, मेथ्या घालून लगदा केला आणि त्याच्या टोपल्या थापल्या. मूळ कागदही त्यातच गेले. पुस्तक निघालं, पण मधेच खळगा राहिला. गोदा अशी एकाएकी शांत कशी झाली, असं वाचक विचारत. लेखिकेची घाई झाली, असंही कोणी म्हटलं. ताई ऐकून घेत. सांगायला कारण होतं, पण त्यांनी ते कधीच सांगितलं नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. शांताबाईंचे यजमान आता नाहीत. त्यांची सून एका सकाळी रागानं बॅग भरून बसली होती. शांताबाईंनी तिला थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. शेजारी बसून अभनपूरची दुपार सांगितली. सून म्हणाली, "मम्मी, ये तो आपने कभी बताया ही नहीं!" बॅग त्या दिवशी तशीच राहिली. शांताबाई थेट ताईंकडे आल्या. "विमल, आता लिही. माह्या नावानं लिही."

म्हणूनच हे मी आज लिहू शकलो. शांताबाईंनीच बजावलं आहे की लपवू नका.

आता दर बुधवारी शांताबाई सांगतात आणि ताई पुन्हा लिहितात. पहिल्या वेळी ताईंनी ऐकीव लिहिलं होतं. आता जिची दुपार ती समोर आहे आणि खोडायला लावते. "मी रडली नाही वं, भूक लागली होती मले," असं म्हणून त्यांनी एक अख्खं पान रद्द करवलं. ताईंनी ते हसत रद्द केलं. शहरातली छोटी लाइन उखडून तिथं रस्ता झाला. आमची नातवंडं मराठी ऐकून हिंदीत उत्तर देतात. तरी ओट्यावर कागद पसरलेले आहेत.

ताई, तुमच्या डोळ्यांची नजर आणि बोटांची पकड अशीच राहो. तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, आणि तेवढंच शांताबाईंनाही. कारण काल विचारलं तेव्हा कळलं, गोदा अजून फलाटावरच बसली आहे, आणि तुम्हा दोघींनाही तिला उठवायची घाई नाही.