काचेतलं उलटं पान

चहा उकळतोय तोवर सांगून टाकतो, नंतर माझा धीर व्हायचा न्हाई. जळकोटच्या कॉलेजात मी अकरावी-बारावीला वनस्पतीशास्त्र शिकवतो. आणि माझी अब्रू कुणी काढावी? एका पानानं. तेही साध्या विड्याच्या.

झालं असं, की कॉलेज तपासायला कमिटी येणार होती. प्राचार्यांनी फर्मान काढलं, "पानांच्या आकाराचे तक्ते काचेच्या फ्रेममध्ये लावा." बाकी सगळे झाले, एक राहिला. ऑबकॉर्डेट.

हा शब्द मला लई आवडतो बघा. लॅटिनमध्ये 'कॉर' म्हणजे काळीज. पान काळजाच्या आकाराचं, खाच देठापाशी आणि टोक पल्याड, ते कॉर्डेट. पुढं 'ऑब' लावलं की उलटं, म्हणजे देठ निमुळत्या टोकाला आणि खाच शेंड्याला. दोन अक्षरांत अख्खं पान फिरवून ठेवलं की ह्या लोकांनी. आणि आपल्या 'श्रद्धा'तला 'श्रत्' हा त्या 'कॉर'चाच भाऊबंद म्हणतात. कुठलं रोम, कुठलं जळकोट. हे पहिल्यांदा वाचलं तवा मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो होतो.

पण तसं पान हुडकायला वेळ कुठं होता? जुन्या वहीत एक वाळलेलं पान सापडलं. देठ नव्हता. मी ते लग्नपत्रिकेवरच्या बदामासारखं धरलं, टोक खाली. म्हटलं, देठ खालीच असणार ना. चिकटवलं, खाली ठळक अक्षरात 'ऑबकॉर्डेट' लिहिलं, आणि त्याच्याखाली माझी सही ठोकली. कमिटी आली, पोहे खाल्ले, गेली.

मग प्रॅक्टिकल परीक्षा आली. मी त्याच तक्त्यावरचं नाव कागदानं झाकून पोरांना आकार विचारला. सगळ्यांनी घोकलेलं ऑबकॉर्डेट लिहिलं. एकट्या गिरिजानं लिहिलं कॉर्डेट. मी लाल फुली मारली.

तिचा तेवढाच एक मार्क गेला. पण तिच्या वडलांनी कबूल केलं होतं, पैकीच्या पैकी पडले तर लातूरला क्लास लावतो, न्हाई तर इथंच शिकायचं. पोरगी डोळे पुसत आली.

"सर, ते नागवेलीचं पान हाय. नागवेलीला देठ खाचेत असतो."

"गिरिजा, लॅटिन तुला जास्त कळतं का मला?"

"लॅटिन न्हाई कळत सर. पान कळतं. आमची टपरी हाय."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? म्हटलं, उद्या वडलांना घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी गिरिजासंगं तिचे वडील, अप्पा आले. स्टँडसमोर ह्यांची पानटपरी. कपाळावर भस्म, हातात चुन्याची डबी. नमस्कार करून तक्त्यापुढं उभे राहिले आणि काचेवर वाकले.

"सर, शिरा बघा. पानाच्या शिरा देठापासून फुटतात. ह्या कुठून फुटल्या?"

मी बघितलं. सगळ्या शिरा वरच्या खाचेतून निघून खाली टोकाकडं चालल्या होत्या.

"आणि सर, हे पान मीच दिलेलं हाय."

"कशावरून?"

"बाकीचे कात्रीनं कापतात. मी नखानं तिरकं खुडतो. तीस वर्षं झाली, देठच खुडून राहिलो. ही बघा माझ्या नखाची खूण. तुम्ही मागं वर्गात दाखवायला म्हणून एक मोठं पान नेलं होतं. सवयीनं खुडला देठ, चूक माझीच."

घ्या. चूक माझी, आणि माफी तो माणूस मागतोय. वाळलेल्या पानावर स्वतःचं नख ओळखणाऱ्या माणसापुढं मी काय लॅटिन सांगणार? तरी सांगितलं, काळजाचं.

"त्या लोकांनी पान बघून काळीज म्हटलं?" अप्पांनी विचारलं.

"हाव."

"मग बरोबर हाय. पान दिल्याबिगर आमच्यात सोयरीक ठरत न्हाई." एवढं बोलून ते परत पानाकडं बघत बसले. मीपण बघत बसलो.

मार्क तिथल्या तिथं दिला. गिरिजा आता लातूरला शिकते. राहिला तक्ता. फ्रेम मागून खिळे ठोकून बंद. उघडायची तर प्राचार्यांची परवानगी पाहिजे, म्हणजे गावभर बोभाटा. मी अप्पांपुढं हात जोडले.

अप्पांनी डबी उघडली, बोटावर चुना घेतला आणि काचेवरून 'ऑब' तेवढं झाकून टाकलं. गिरिजानं फ्रेम उलटी टांगली. पान एकदम बरोबर झालं.

अजून तशीच हाय ती. नवी पोरं मान वाकडी करून बघतात आणि विचारतात, "सर, ही उलटी सही कुणाची हो?"

मी म्हणतो, "माझ्या आधीच्या सरांची."

बिचारी मान डोलवतात. माझ्या आधी ह्या कॉलेजात हा विषयच नव्हता.