गाडी हुंगणाऱ्या पगारे मॅडम

पगारे मॅडम जुनी गाडी बघायला गेल्या की आधी ती हुंगत. मालक बॉनेट उघडून इंजिनाचं कौतुक सांगत असायचा आणि साठी ओलांडलेल्या या बाई ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून, गुडघे टेकून, डोकं थेट डॅशबोर्डखाली घालायच्या. बाहेरून फक्त पंजाबी ड्रेसची पाठ आणि पांढरे बूट दिसायचे. बाईंचं काहीतरी पडलंय असं मालकाला वाटायचं. "काय शोधताय?" असं त्यानं विचारलं की आतून आवाज यायचा, "शोधत नाहीये, वास घेतेय. तापलेल्या वायरचा वास सीटच्या कापडाला धरून राहतो. वर कितीही अत्तर मारा."

गंगापूर रोडला आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर त्या एकट्या राहत. विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या, जळालेल्या गाड्यांची तपासणी करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. या कामात तेव्हा बायका जवळजवळ नव्हत्याच. पोलीस ठाण्याच्या आवारात गाडी बघायला गेलं की हवालदार विचारायचे, "साहेब कधी येणार?" मॅडम म्हणायच्या, "साहेब आलेत. जॅक आणा." निवृत्त झाल्यावर कुणी जुनी गाडी घेत असलं की त्या सोबत जात. त्याबद्दल काही घ्यायच्या नाहीत. मालकानं चहा विचारला तर तपासणी उरकेपर्यंत कपाला हातही लावायच्या नाहीत. "चहा पोटात गेला की गाडी चांगली दिसायला लागते," असं त्यांचं म्हणणं.

हा उद्योग कशाला करता, असं मी एकदा विचारलं. त्या धुतलेली कोथिंबीर निवडत होत्या. निवडता निवडताच म्हणाल्या, "मेघना, नोकरीत मी गाडी नेहमी जळल्यावर बघितली. एका गाडीत शाळेची दप्तरं होती. मुलं वेळेत उतरली, वाचली. दप्तरांची नुसती बक्कलं उरली होती. कारण काय, तर हौसेनं लावलेल्या जादा दिव्यांची वायर. मी रिपोर्ट लिहिला, कंपनीनं फाइल बंद केली. तेव्हापासून वाटायचं, आपल्याला एकदा तरी आधी बोलवावं कुणीतरी."

मी त्यांना आधी बोलावलं ते माझ्या गरजेपोटी. मी फिजिओथेरपिस्ट आहे. हरसूलच्या पलीकडच्या पाड्यांवर ज्या मुलांना चालता येत नाही, मान धरता येत नाही, त्यांना घरी जाऊन व्यायाम द्यायचं काम मी सुरू केलं होतं. पावसाळ्यात माझी छोटी गाडी चिखलात रुतायची आणि कितीतरी आठवडे मुलांचे व्यायाम बंद पडायचे. कमावलेलं सगळं मागे जायचं. एका आईनं मला विचारलं होतं, "ताई, तुमी पाऊस सरल्यावरच येनार का?" त्यानंतर मी चारही चाकांना ताकद असलेली जुनी जीप शोधायला लागले.

आडगावच्या बाजूला एक मिळाली. शेवाळी रंगाची, उंच, टपावर दिव्यांची लांब पट्टी, पुढे दिसायला जाडजूड लोखंडी गार्ड, त्यावर चिखलातून गाडी ओढून काढायची विंच, आणि ट्रॅक्टरची आठवण व्हावी असे टायर. मी बघताक्षणीच भाळले. गाडी विकणारा रोहित शांत स्वभावाचा मुलगा होता. गाडी त्याच्या थोरल्या भावाची, आणि तो भाऊ आदल्या वर्षी आजारपणात गेलेला. त्यांची आई ओट्यावर बसून आमच्याकडे बघत होती.

मॅडमनी हुंगून झाल्यावर रोहितला सगळे दिवे, पंखा, वायपर एकदम चालू करायला सांगितले. मग बॅटरीपासून निघालेल्या एका वायरवर बोटं ठेवून उभ्या राहिल्या, ताप बघायला कपाळावर हात ठेवावा तशा. थोड्या वेळानं माझा हात धरून त्यांनी तिथे लावला. वायर चांगलीच गरम होती. टपावरच्या दिव्यांसाठी ती मध्ये फ्यूज नसताना थेट बॅटरीवरून उचललेली होती आणि पत्र्याला पाडलेल्या भोकातून केबिनमध्ये गेली होती. भोकाच्या कडेला रबर नव्हतं. वरचं प्लॅस्टिक घासून घासून आतलं तांबं दिसायला लागलं होतं.

मग त्यांनी सोबत आणलेली जुनी चादर अंथरली आणि गाडीखाली शिरल्या. "रोहित, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे घे. आता उजवीकडे." खालून त्यांचा आवाज बदलला. "मेघना, वाकून बघ. टायर ब्रेकच्या रबरी नळीला घासतोय. अर्धी खाल्लीय." गाडी उंच केली होती, मोठे टायर चढवले होते, पण नळी जुन्याच मापाची होती. विंचसुद्धा चासीला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, धरलेली नव्हती, गार्डच्या पातळ पत्र्याला बोल्ट मारून टांगलेली होती. जोर लावला असता तर पत्र्यासकट सुटून आली असती.

मॅडमनी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. रोहितचा चेहरा लाल झाला. त्यानं बॉनेट आपटून बंद केलं. "दादाच्या गाडीला नावं ठेवायला आलात का? एकेक वस्तू त्यानं हौसेनं लावून घेतली होती. नाही घ्यायची तर नका घेऊ. दुसरे लोक येतायत उद्या."

"येऊ देत. त्यांना ही नळी दाखवशील?" मॅडमनी विचारलं.

रोहित बॉनेटवरची धूळ पुसायला लागला. मला तर कधी एकदा निघते असं झालं होतं. पण मॅडम हलल्या नाहीत. त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं. आत लाकडी कप्पे होते, सामान ठेवायला ओढायचे. त्यांनी एक कप्पा ओढला, ढकलला, खालून हात फिरवला, टॉर्च मारून बघितलं. खूप वेळ बघितलं.

"हे कुठल्या दुकानातून करून घेतलं?"

"दुकानातून नाही," ओट्यावरून आई म्हणाली. त्या दिवसातलं तिचं हे पहिलं वाक्य. "त्यानं सोताच केलं. इथंच बसून. महिना लावला."

मॅडम तिच्याजवळ जाऊन पायरीवर बसल्या. "ताई, प्रत्येक बोल्टाखाली त्यानं वायसर टाकलाय. आतली कड घासून गोल केलीय, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. चासीला एक भोक पाडलेलं नाही. तुमच्या मुलाचा हात चांगला होता. बाकीचं ज्यानं लावलं, त्यानं तुमच्या मुलाला फसवलं."

आईनं पदर तोंडाला लावला. मग तिनं विचारलं, "म्हंजे तो रातीबेराती हे दिवे लावून फिरायचा, तवा..."

"तेव्हा तो सुखरूप घरी आला, ताई. तेवढंच धरा. आता यापुढं गाडीत जो बसेल त्याचं बघू."

आई उठली. रोहितजवळ गेली आणि म्हणाली, "काढून टाक ते दिवे. कप्पे राहू दे." रोहित गाडीला टेकून उभा होता. त्यानं मान हलवली आणि मग डोळे पुसायला तोंड फिरवलं. चहा आला तेव्हा मॅडमनी कप स्वतः उचलून आधी त्याच्या हातात दिला.

गाडी घ्यायचं मी तिथेच ठरवलं आणि पुढच्या आठवड्यात ओळखीच्या मिस्त्रीकडे ती खोलली. रोहित दिवसभर तिथे थांबला, बोल्ट त्यानंच उघडले. दिव्यांची पट्टी वायरसकट गेली, विंच गेली, टायर मूळ मापाचे आले, ब्रेकच्या नळ्या नव्या पडल्या. गाडी जरा बुटकी आणि साधी दिसायला लागली. मला आतून थोडं वाईट वाटलं, आणि ते मॅडमच्या लक्षात आलं. "तुला चिखलातून जायचंय की वरातीत?" त्या म्हणाल्या.

त्या पावसाळ्यात एकही आठवडा चुकला नाही. उताराच्या निसरड्या वाटेवरून गाडी सावकाश उतरायची आणि पाड्यावरची पोरं ओरडत मागे धावायची. एका मुलीला मी उभं राहायच्या चौकटीत पट्टे लावून उभं करायचे. दिवाळीच्या सुमारास तिनं चौकट सोडून भिंतीला धरून चार पावलं टाकली. मी तिथूनच मॅडमना फोन लावला, पण रेंज नव्हती. संध्याकाळी घरी येऊन सांगितलं तर त्यांनी दोनदा सांगायला लावलं, आणि मग विचारलं, "ब्रेक कसे लागतायत?"

पुढे त्यांचे गुडघे फारच दुखायला लागले. फ्लॅट भाड्यानं देऊन त्या नांदगावला भावाकडे राहायला गेल्या. सामान भरताना मी हात लावत होते आणि मनात म्हणत होते, संपलं बाईंचं काम. जिला एक पायरी उतरवत नाही ती गाडीखाली कशी शिरणार?

गेल्या महिन्यात त्यांना भेटायला गेले. भावाच्या घरासमोर कडुनिंबाखाली विकायला आणलेला एक जुना फोर बाय फोर पिकअप उभा होता. मॅडम काठी घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. पिकअप घेऊ पाहणारं एक शेतकरी जोडपं आलं होतं. कांदे वाहायला हवा होता. नवरा मालकाशी बोलत होता आणि बायको साडी खोचून, टॉर्च घेऊन गाडीखाली आडवी झाली होती.

"काय दिसतंय?" मॅडमनी विचारलं.

"वायर लोंबतीय, मॅडम. टेप गुंडाळलीय नुसती."

"बरं. पुढच्या चाकाची नळी?"

"ती चांगली हाय. पर मॅडम, तुमी सांगितलं नाय ते बी दिसतंय एक."

"काय?"

"मागं हुक लावलाय ना ओढायचा, त्याच्यापाशी वेल्डिंगला चीर गेलीय. लय बारीक हाय. वरनं रंग मारलाय."

मालक लगबगीनं पुढे आला, तसं काही नाही म्हणाला. मॅडमनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी काठी भुईवर टेकली, माझा आधार न घेता उठल्या, दोन पावलं जाऊन पिकअपच्या मागे कण्हत कण्हत मातीत बसल्या आणि मान वाकवून म्हणाल्या, "दाखव गं मला. कुठंय?"