जिन्याखालची हळद

उल्हासनगरात दुकानांच्या एका इमारतीत मला एकदा घाईने बाथरूमला जायचं होतं. इमारतीचा नकाशा मी स्वतःच्या हाताने काढलेला. प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या डाव्या हाताला दोन संडास, एक बायकांचा, एक पुरुषांचा, खिडकीसकट, अगदी नियमाप्रमाणे. मी ऐटीत जिना चढले, डावीकडे वळले, दार ढकललं, तर आत छतापर्यंत बनियनचे गठ्ठे. मालावर बसलेल्या माणसाने विचारलं, क्या चाहिए बहनजी? आता काय सांगू त्याला, कपाळ? काही नाही म्हटलं आणि तशीच पोट आवळून अंबरनाथला घरी गेले.

मी ट्रेसर होते. आर्किटेक्टने पेन्सिलीने काढलेला नकाशा खाली ठेवायचा, वर ट्रेसिंग पेपर ताणून बसवायचा आणि शाईच्या पेनाने एकेक रेघ गिरवायची. चुकली तर ब्लेडने खरवडायची. ऐंशीच्या दशकात अशी कामं बायका करायच्या, कारण हात हलका लागतो म्हणे. खरं कारण पगारही हलका, हे होतं. ऑफिस उल्हासनगरातच, कॅम्प तीनमध्ये, एका गादीवाल्याच्या दुकानावर. खाली कापूस पिंजायचे, वर आम्ही शिंकायचो.

सर, म्हणजे आमचे आर्किटेक्ट, भला माणूस. आवाज चढवणं त्यांना माहीत नव्हतं, आणि नियम तोंडपाठ. दुकानांच्या इमारतीला जिना किती रुंद हवा, गाळ्यापुढचा पॅसेज केवढा, पोटमाळा किती उंच चालतो, उजेडाला किती खिडकी, सगळं. शेठलोक यायचे, सरांपुढे बसायचे आणि सगळे एकच म्हणायचे: साईं, कागज पे जो चाहो दिखाओ, अपना गाला छोटा नहीं होना चाहिए. गाळ्याला ते गाला म्हणायचे. सर मान हलवायचे आणि नकाशा नियमाप्रमाणेच काढायचे. पुढे संडासात बनियन भरली तर तो सरांचा प्रांत नव्हता. मला याचा राग यायचा. सर म्हणायचे, बाई, आपण कागदापुरते. मी पुढची रेघ गिरवायला घ्यायचे. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी.

नकाशाच्या अमोनिया प्रिंट निघाल्या की त्यांत रंग भरायचा, तेही माझंच काम. त्या वासाने डोळ्यांतून पाणी यायचं, त्यामुळे त्या ऑफिसात कुणी रडलं तरी कळलं नसतं. रंगांचा कायदा सोपा. नवीन बांधायचं ते लाल. पाडायचं ते पिवळं. आहे तसं राहणार त्याला रंगच नाही, नुसती काळी रेघ. आमच्यात पाडायचं असा शब्द कुणी वापरत नसे. ती मागची भिंत पिवळी करा, बाई, एवढंच. आणि घरी सासूबाई कुणाच्या लग्नाची बातमी सांगायच्या, अमक्याने पोरीचे हात पिवळे केले बरं का! मला फिसकन हसू यायचं. सरांना एकदा हे सांगितलं तेव्हा तेही चष्मा काढून हसले होते.

आमचे हे अंबरनाथला एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. बोलके इतके की चहाचा कप हातात गार व्हायचा. बसच्या रांगेत उभे राहिले तरी पुढच्या-मागच्या माणसाचं गोत्र काढून मोकळे. मग कारखाना बंद पडला. आज उघडेल, उद्या उघडेल करत लोक गेटवर बसले, मग गेटवर बसणंही थांबलं. आणि ह्यांचं बोलणं गेलं. दारू नाही, आदळआपट नाही, काही नाही. दाराजवळ स्टूल टाकून रस्त्याकडे बघत बसायचे. मुलगी गणित विचारायला जायची, ते वहीकडे बघायचे आणि वही परत द्यायचे. मी तशी तोंडाळ. मी भांडून बघितलं. पण भांडायलाही समोर कुणीतरी लागतं हो. भिंतीशी किती भांडणार? एक पावसाळा गेला, दुसरा गेला. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे. सासूबाईंनी नजर काढली, नवस बोलल्या. मला एवढंच हवं होतं की ह्या माणसाने पुन्हा काहीतरी बोलावं. कारखाना उघडला नसता तरी चाललं असतं.

ऑफिसात एक कापडवाले शेठ यायचे. त्यांच्या इमारतीचा नकाशा आमच्याकडचाच. ह्यांची गोष्ट त्यांच्या कानावर गेली. मला म्हणाले, भाभी, माझ्या जिन्याखाली जागा रिकामी पडली आहे, त्यांना तिथे बसवा, इमारतीची वायरिंग बघतील आणि आपलं कामही करतील. देवमाणूसच म्हणायचा. मी घरी येऊन सांगितलं. हे काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पक्कड, टेस्टर, सोल्डरिंग आयर्न पिशवीत भरलं आणि माझ्याबरोबर निघाले.

जिन्याखाली तिरपी जागा. पुढे टेबल, मागे फळ्यांचं पार्टिशन, आत उभं राहिलं तर डोकं आपटायचं. तिथे हे मिक्सर, इस्त्र्या, पंखे दुरुस्त करायला लागले. पहिले काही दिवस फक्त कामापुरतं बोलले. मग एक दिवस ऑफिस सुटल्यावर मी तिथे गेले, तर हे एका सिंधी आजींना त्यांच्या मिक्सरचा इतिहास सांगत होते. घरी येईपर्यंत मला सांगत आले: अगं, सिंधीतसुद्धा 'आहे' म्हणजे 'आहे'च! छा हाल आहे, म्हणजे काय हाल आहे. आपलीच माणसं की गं ही! ते 'आहे' त्यांनी आठवडाभर पुरवलं. मुलीला गणितं समजावली, सासूबाईंना बातम्या वाचून दाखवल्या. मी पोळ्या लाटत ऐकत होते आणि मनात म्हणत होते, बोल बाबा, बोल, पोळी करपली तरी चालेल.

जिन्याखाली काही ठेवायचं नाही, हा नियम मला माहीत होता. माहीत काय, त्याच इमारतीच्या नकाशात त्या जागेवर 'मोकळी जागा' ही अक्षरं मीच काढली होती. पण उल्हासनगरात त्या काळी कुठल्या जिन्याखाली माणूस नव्हता? कुठे किल्लीवाला, कुठे शिंपी, कुठे पानवाला. मी सरांना काही विचारलं नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही.

मग दुसऱ्या एका बाजारात एका इमारतीत धूर झाला. जिन्याखाली प्लॅस्टिकचा माल ठेवला होता, तो पेटला आणि वरची माणसं जिन्यातच कोंडली. त्यांतली काही घरी परत गेली नाहीत. नगरपालिकेने हुकूम काढला की दुकानांच्या सगळ्या इमारतींनी आज आहे तसा नकाशा सादर करावा, मागे दुसरा जिना दाखवावा, आणि असलेला जिना खालपासून वरपर्यंत मोकळा करावा. नियम चूक होता असं मी आजही म्हणणार नाही. जिना पळायला असतो. एवढं आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तरी वरातीमागून घोडं.

शेठच्या इमारतीचं मोजमाप घ्यायला सर आणि मी गेलो. टेपचं एक टोक धरायला कुणीतरी हवं होतं. हे उठून पुढे आले. पॅसेज धरला, गाळे धरले, आणि शेवटी स्वतःच्या जागेचंही टोक धरून हेच खणखणीत आवाजात आकडे सांगत राहिले, आणि सर लिहून घेत राहिले. परत येताना सर वाटेत म्हणाले, बाई, जिन्याखालचं पिवळं करावं लागेल. मी म्हटलं, हो.

दोन दिवसांनी प्रिंट आल्या. मी बशीत पिवळा रंग कालवला. मागचा नवा जिना आधी लाल केला, तो वाळू दिला, आणि मग जिन्याखालची चौकट पिवळी केली. जेवढ्या प्रती तेवढ्या वेळा. लोकांना वाटतं अशा वेळी हात थरथरतो. काही थरथरत नाही. मला काहीच वाटलं नाही, खरं सांगते. आपलेच दात, आपलेच ओठ, एवढी एक म्हण डोक्यात येऊन गेली आणि तीही दुसऱ्या कुणाबद्दल असावी तशी. दातांच्या डॉक्टरकडे इंजेक्शनने हिरडी बधिर होते ना, तशी मी होते. ब्रश धुतला, बशी धुतली, डबा खाल्ला.

ह्यांना कुणी सांगायचं, ते कुणीच ठरवलं नाही. सरांना वाटलं, जागा शेठची आहे, शेठ सांगतील. शेठना वाटलं, बायकोच त्या ऑफिसात आहे, तिने सांगितलं असेल. आणि मला वाटलं, ज्या माणसाने स्वतः टेप धरली, हुकूम सगळ्या बाजाराने वाचला, त्याला काय सांगायचं? ह्यांना वाटलं होतं की हुकूम मालाच्या गठ्ठ्यांसाठी आहे. माणूस काय माल आहे का!

नकाशाची एक प्रत इमारतीत लावायची होती. शेठच्या माणसाने ती मीटरच्या फळीशेजारी चिकटवली. त्या संध्याकाळी मी गेले तर जिन्यापुढे घोळका. मधे हे, हातात पेढ्यांचा पुडा. वरच्या मजल्यावरचा शिंपी होता, समोरचा घड्याळवाला होता, शेठही होते. हे नकाशावर बोट ठेवून सांगत होते की सबंध इमारतीत इतके गाळे आहेत, सगळे कोरे, नुसत्या रेघा. आणि जिन्याखालचा हा एवढासा चौकोन, तो बघा. मी आले तसे माझ्याकडे वळले.

"हिने काढलंय हे. कारखान्यात माझं नाव फळ्यावरनं पुसलं, आणि हिने मला नकाशात घेतलं. ते पण हळद लावून!"

घड्याळवाल्याने टाळ्या वाजवल्या. शिंप्याने पेढा तोंडात टाकला. त्यांनाही रंगांचा कायदा माहीत नसणार. शेठना माहीत होता, ते चपलांकडे बघत उभे राहिले आणि मग कुणाचा तरी फोन आहे म्हणून दुकानात गेले. ह्यांनी मला पेढा भरवला, सगळ्यांसमोर. लग्नातसुद्धा लाजले होते, घास भरवला नव्हता. मी तो गिळला. गोड होता की नाही, कळलं नाही.

माणसं पांगल्यावर हे टेबलाशी बसले आणि एक मिक्सर उघडून बोलायला लागले. आता पक्की पाटी करू. पुढे थोडं काउंटर काढू. नकाशात आलो म्हणजे उद्या लायसन्सही मिळेल, नाही का? मी त्यांना तेवढं वाक्य पुरं करू दिलं.

"अहो, आमच्याकडे पिवळं म्हणजे पाडायचं."

त्यांनी मिक्सरचा स्क्रू पूर्ण बसवला. बटण दाबून बघितलं, चालू झाला. बंद केला. मग दिवा मालवून आम्ही घरी गेलो. वाटेत मी सगळं सांगितलं, धूर, हुकूम, दुसरा जिना, शेठ, सर. माझ्याच आवाजाचा मला कंटाळा आला. हे ऐकत होते की नाही कोण जाणे.

पुढचे दिवस त्यांनी हातातली कामं संपवली. ज्याची इस्त्री त्याला, ज्याचा पंखा त्याला, स्वतः घरपोच. शेठ म्हणाले, मागे नवा जिना होईल तेव्हा बघू काहीतरी. सर म्हणाले, बाई, मला वाईट वाटतंय. वाटत असेलही. मी त्यांना म्हटलं की नव्या नकाशाचं ट्रेसिंग अर्धं झालंय, उद्या देते. ह्यांनी टेबल विकलं, तारांची वेटोळी गुंडाळून पिशवीत भरली, आणि पार्टिशन तेवढं राहू दिलं, कारण ते पाडायला पालिकेची माणसं येणारच होती.

ती आली त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा जाईन म्हणून सांगून ठेवलं होतं. आम्ही दोघं समोरच्या फुटपाथवर उभे राहिलो. दोन माणसं, एक घण, एक पहार. फळ्या जुन्याच होत्या, पटापट निघाल्या. मुकादमाच्या हातात आमची प्रत होती. तो ती उघडून बघायचा, बोटाने दाखवायचा, इथून इथपर्यंत, आणि ती माणसं नेमकं तेवढंच तोडायची. जिन्याला साधा ओरखडा आला नाही. हे त्या कागदाकडेच बघत होते. पेढ्यांच्या त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा त्यांनी माझ्याशी तोंड उघडलं.

"रंग तूच भरलास ना?"

मी हो म्हटलं.

"छान भरलायस. रेघेच्या बाहेर कुठे गेला नाही."