शुक्रवारी भरलेलं सिलिंडर

अठरा मीटर खाली, जहाजाच्या इंजिनरूममध्ये, पवार काम सोडून बसला होता. बुडी मारताना आमच्यात एक दोरी असते. एक झटका म्हणजे ‘ठीक आहेस ना?’ उत्तरालाही एकच झटका. मी तीनदा विचारलं. उत्तर नाही. गढूळ पाण्यात टॉर्च लावूनही हातभर पुढचं दिसत नव्हतं, म्हणून दोरी धरून सरकत त्याच्यापर्यंत गेलो. श्वास चालू होता, पण माणूस ठिकाणावर नव्हता.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. महायुद्धात कोकण किनाऱ्याजवळ बुडालेलं ते मालवाहू जहाज. त्यातलं तांबं-पितळ काढायचं काम उल्हासनगरच्या एका भंगारवाल्या शेठकडे होतं. पाण्यात उतरणारे आम्ही दोघंच. मी बदलापूरचा, पवार विठ्ठलवाडीचा. आठ वर्षं हेच करून दोघंही थकलो होतो.

पवारला कमरेला धरून वर निघालो. वर येताना वाटेत थोडं थांबायचं असतं, नाहीतर रक्तात बुडबुडे होतात. मी थांबलो नाही. पुढे दोन दिवस माझे गुडघे ठणकत होते.

बोटीवर तो ओकला. डोकं फुटतंय म्हणाला आणि आडवा झाला. गॅस कटिंगसाठी आणलेला ऑक्सिजन होता, तोच रबरी नळीने त्याच्या नाकाशी धरला. शेठ बोटीवरच होते. त्यांनी हळू आवाजात मला विचारलं, “हवा किसने भरी?”

“मैंने,” मी म्हणालो.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये आमचा कॉम्प्रेसर होता. माझं सिलिंडर मी गुरुवारी भरलं. पवारचं राहिलं. शुक्रवारी तिथे कारखान्यांना सुट्टी आणि वीज बंद. पण भांगाचे दिवस, म्हणजे पाण्याला ओढ कमी असते ते दिवस, संपत आले होते. शनिवारी उतरायचंच, असं मीच ठरवलं होतं. शेजारच्याचा रॉकेलवरचा जनरेटर आणून त्याच शेडमध्ये लावला. कॉम्प्रेसर आजूबाजूची हवा ओढून सिलिंडरमध्ये दाबतो. जनरेटरचा धूरही त्याने ओढला. धुरातला कार्बन मोनॉक्साइड खोल पाण्यात, दाबाखाली, जास्तच बाधतो.

सिलिंडर भरलं की व्हॉल्व्ह जरा उघडून हवा हुंगायची, असा आमचा नियम. पवारने हुंगली.

“वास येतोय रे,” तो म्हणाला.

“अंबरनाथ आहे. इथे वास कधी नसतो?”

तो हसला आणि त्याने सिलिंडर टेम्पोत टाकलं. खोटं नव्हतं ते. केमिकलच्या कारखान्यांजवळ राहून माझं नाक मेलं होतं. त्याचं मात्र अजून जिवंत होतं, आणि मी त्याला गप्प केलं.

शेठनी त्याच दिवशी काम बंद केलं. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. अति घाई संकटात नेई, हे एसटीत लिहिलेलं असतं. आपण वाचतो आणि उतरून जातो. जहाज पन्नासेक वर्षं तळाशी पडून होतं, पुढच्या भांगापर्यंत आणखी पंधरा दिवस पडलं असतं.

पवार वाचला. पाण्यात परत उतरला नाही. तेव्हापासून त्याच्या लक्षात फारसं राहत नाही. महिन्यातून एकदा मी विठ्ठलवाडीला जातो. चहा येतो, आणि घरात जो कोणी असेल त्याला तो सांगतो, याने मला वाचवलं. मला लाज वाटते. खरं काय झालं ते मी त्याला दोनदा बसवून सांगितलं आहे. दोन्ही वेळा त्याने मान डोलावली, आणि पुढच्या महिन्यापर्यंत विसरला.