कानशीचे दाते

माझ्याकडे एक घडीचा चाकू आहे. बंद केला की मधल्या बोटाएवढा. मूठ शिसवी, दोन्ही टोकांना पितळी खिळी. पात्याच्या पाठीवर अंगठा ठेवला की बारीक तिरप्या रेघा लागतात. ती नक्षी नाही, ते कानशीचे दाते आहेत. कॉलेजच्या चार वर्षांत या दात्यांनी मला जेवढं घाबरवलं, तेवढं कुठल्याच परीक्षेनं घाबरवलं नाही.

वडील दौंडला रेल्वे इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होते, स्वतः चौथी शिकलेले. मी शिरूरला मामांकडे राहून सायन्सला जात होते. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिलीच. जर्नलातल्या आकृत्यांना पेन्सिलीचं टोक सुईसारखं लागायचं, आणि अर्ध्या ब्लेडनं टोक करताना माझीच बोटं कापायची. एका शनिवारी घरी आले तेव्हा वडिलांनी माझ्या बोटाची चिंधी पाहिली. तीन महिन्यांनी हा चाकू माझ्या हातात ठेवला.

तो होताना मी पाहिला होता, रविवारी घरी असेन तेवढा. पातं मोडक्या कानशीचं. कानशीचं पोलाद काचेसारखं, वाकत नाही, मोडतं. म्हणून आधी आईच्या शेगडीवर लाल करून त्यांनी ते राखेत निवू दिलं. मग घासून पात्याचा आकार दिला, पुन्हा लाल करून गोडेतेलात बुडवलं. शेवटी मंद आचेवर धरून बसले. रंग वाळल्या गवतासारखा झाला, त्या क्षणी बाहेर काढलं. "जरा उशीर झाला आसता तर मऊ पडलं आसतं," म्हणाले. तेलाच्या धुरानं घर भरलं होतं आणि आई खोकत खोकत म्हणत होती, "एवढ्या तेलात भजी झाली आसती वस्तीला."

खरी परीक्षा पाठीमागच्या स्प्रिंगची होती. दोन स्प्रिंगा त्यांनी करून फेकल्या. तिसरी बसवल्यावर चाकू कानाशी धरून उघडला, मिटला. उघडताना खट्, मिटताना खट्. दोन्ही आवाज सारखे आले तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली. पातं कुठेही लटपटत नव्हतं.

"पाठीवरचे दाते तसेच का ठेवले?" मी विचारलं.

"अंगठा सरकू नये म्हनून."

आई एवढंच म्हणाली, "कुनाला दावू नगंस."

शेडमध्ये कानस मोडली की शिक्क्याचा, मुठीकडचा तुकडा जमा करायचा आणि नवी घ्यायची. टोकाकडचा तुकडा भंगारात जायचा, पण भंगारसुद्धा बाहेर न्यायची परवानगी नव्हती. वडिलांनी तो भाकरीखाली डब्यात घालून आणला होता. गेटावर डबे तपासायला जमादार उभा असायचा. लहानपणी मी दुपारचा डबा घेऊन जायची तेव्हा त्याचं "उघड" ऐकलं की मी झाकण काढून डबा पुढे धरायची. आमच्या शेजारी राहणाऱ्या, शेडमधल्याच एका खलाशाच्या, म्हणजे मदतनिसाच्या डब्यात पितळेची एक चकती सापडली होती. त्याची नोकरी गेली. महिन्याभरात ते कुटुंब भांडीकुंडी बांधून गावाकडे निघून गेलं. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. तिची शाळा सातवीतच संपली. आपलंही असंच होईल, आणि ते माझ्या पेन्सिलीपायी होईल, हे मला वेगळं कुणी सांगायला नको होतं; वर्गातली तिची रिकामी जागा आठवली की पुरे.

तरीही एकदा मी चुकले. शनिवारी दौंडला येताना एसटी न्हावऱ्याला थांबली होती, ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरले होते. जर्नलातली एक आकृती राहिली होती म्हणून मी टोक करायला चाकू काढला. शेजारी धोतर-टोपीतला एक माणूस उसाची मोळी सावरत येऊन बसला.

"पोरी, चाकू दे जरा. एक कांडं सोलतो. तुला बी देतो."

वयानं मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी मिटून दिला. त्यानं उघडून एका ओढीत लांबलचक साल उतरवली आणि थांबला.

"आयला, धार हाय का काय! आन् पोरीच्या जातीला चाकू कशाला गं?"

"पेन्सिलीला."

"उघडतो बी कसा झाक. उघड म्हनायचा आवकाश!"

ते 'उघड' मी शंभर वेळा ऐकलं होतं. खाकी कपडे नव्हते म्हणून ओळखलं नव्हतं, इतकंच. माझ्या वडिलांचा डबा रोज तपासणारा जमादार वडिलांचा चाकू हातात घेऊन बसला होता.

"घेतला कुठं?"

"शिरूरच्या बाजारात. घिसाड्याकडून."

"घिसाडी स्प्रिंगचा चाकू करत्यात व्हय? विळे-खुरपी करत्यात. ह्यो मला न्हाई कवा गावला." त्याचा अंगठा पाठीवरून फिरला आणि दात्यांवर अडला. "ही तर कानस हाय."

"मला काय कळतंय त्यातलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग पातं धोतराला पुसलं, चाकू कानाशी नेऊन मिटला. अगदी वडिलांसारखा. चाकू आणि उसाचं कांडं माझ्या हातात दिलं. ते कांडं मी दौंड येईपर्यंत नुसतं धरून बसले होते.

स्टँडवर वडील सायकल घेऊन उभे होते. पळून जायला जागाच नव्हती.

"काय फिटर, पोरगी का तुमची?"

"व्हय, जमादार साहेब."

"हुशार हाय," म्हणाला आणि मोळी खांद्यावर टाकून गेला.

घरी मी सगळं सांगितलं. आई म्हणाली, "हिरीत टाका तो चाकू." वडिलांचा चेहरा उतरला होता. त्यांनी एकच विचारलं, "कानाला लावला म्हनतीस?"

"हो."

"मग काय म्हनला?"

"काहीच नाही."

सोमवारी मी शिरूरला गेले नाही. सकाळचा भोंगा झाला, वडील गेले, आणि आई दारात बसली ती संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत. वडील आले. नेहमीसारखा डबा उघडायला लावला होता, बाकी काही नाही. मंगळवारीही तेच. मी शिरूरला परतले, पण वर्गात बाहेरून कुणी हाक मारली की वाटायचं, घरून निरोप आला.

पुढच्या रविवारी मी घरी असताना जमादार दारात उभा राहिला. या वेळी खाकीत. आईच्या हातातलं पीठ परातीत पडलं. त्यानं खिशातून फडक्यात गुंडाळलेला एक जुना चाकू काढला.

"माझ्या बाचा हाय. खीळ ढिली झालीया, पातं लटलटतंय. पोरगी म्हनत हुती, शिरूरला कुनी घिसाडी हाय. त्याला दावता का, फिटर?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "दावतो," म्हणाले.

तो गेल्यावर आईनं दार लावलं. "सापळा हाय ह्यो. तुमचा हात वळखायला दिलाय. मुद्दाम वाईट करून द्या. म्हंजी म्हनंल, ह्यो हात फिटरचा न्हवं."

"व्हय," वडील म्हणाले, "तसंच करतो."

आणि खरोखरच ते वाईट काम करायला बसले. खीळ तिरपी ठोकली, वर ओबडधोबड हातोडी मारली. उघडून पाहिलं. पातं पहिल्यापेक्षा जास्त लटपटत होतं. चाकू खाली ठेवला, हात धुतले, जेवले. पुन्हा उचलला. चार घास पोटात गेल्यावरही त्यांना तो बघवत नव्हता.

"आवं, ठेवा की तसाच," आई रडकुंडीला आली.

"आसलं काम घिसाडी तरी करंल का?" म्हणत त्यांनी खीळ उपटली. पितळेच्या पत्र्यातून कागदासारख्या दोन चकत्या कापल्या, पात्याच्या दोन बाजूंना घातल्या, नवी खीळ बसवून तिचं डोकं गुळगुळीत केलं. दिवे लागायच्या आत काम झालं. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. मला वाटलं, आता नोकरी जाते, आणि माझं कॉलेजही.

पुढच्या रविवारी जमादार आला. चाकू कानाशी धरला. खट्. मिटला. खट्. डोळे मिटून त्यानं तो पुन्हा एकदा उघडला.

"घिसाडी त्योच," तो म्हणाला.

आईनं चहा पुढे केला. त्यानं तो बशीत ओतून, आमच्या ओट्यावर बसून सावकाश प्यायला. उठताना म्हणाला, "त्या घिसाड्याला सांगा फिटर, कानशीचे दाते घासून टाकीत जा म्हनावं. माझी बदली व्हतीया. नवा मानूस कसा आसंल, कुनाला ठावं."

तो वळणावर दिसेनासा झाल्यावर आईनं धारेचा दगड माझ्यापुढे आदळला. "घास."

मी घासायला लागले. टोकाकडच्या चार-पाच रेघा गेल्या आणि माझा हात थांबला. वडील म्हणाले, "ऱ्हाऊ दे. अंगठा सरकंल."

माझ्या आकृत्यांना जर्नलात शेरा चांगला मिळायचा, पदवीही मिळाली. ती पेन्सिल कशानं टोकदार व्हायची, हे मी कुणाला सांगितलं नाही. वडील निवृत्त होईपर्यंत तो चाकू चारचौघांत उघडला नाही. मामांच्या घरी खोलीला कडी लावून टोक करायची, आणि खट् आवाज झाला की आधी दाराकडे बघायची. अजूनही बघते.